चपलेतला विंचू

एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली.
लक्ष्मीपुरीत, शाहूपुरीच्या गुळाच्या अड्ड्यांवर
वजन उलटं करायचं,
बुडाच्या शिशावर तिमाहीचं अक्षर ठोकायचं
आणि पुढच्या दुकानी.
गूळ कुणी कुणाला विकावा, काय भावानं,
हे मला कुणी विचारलं नव्हतं.
किलो हा किलो आहे का,
एवढंच.

परवा सूचना मागवायची सभा होती.
मोबाइलवरच्या बड्या बाजारांना वेसण घालणारा मसुदा,
एकशे बारा पानं, परिशिष्टं वेगळी.
पुढच्या रांगेत कंपनीची माणसं.
मला वाटलं, घाबरली असतील.
ती माना डोलवत होती.
दर तिमाहीला अहवाल? देऊ की.
प्रत्येक विक्रेत्याला परवाना, नोंदवही, अनुपालन अधिकारी?
उत्तमच, साहेब. व्हायलाच हवं.

शेजारी सुभाषनगरचा कृष्णात शिंगे,
हाताला हिरड्याचा वास.
पानं उलटत कुजबुजला,
"अनुपालन अधिकारी म्हंजे कोण ओ?
आमच्यात आईच हाय, वेण्या घालणारी."

त्याचं दुखणं खोटं नाही.
शंभरातले बावीस कंपनी कापून घेते.
त्याची कापशी खपायला लागली, तशी
तिनं तसलीच काढली स्वतःच्या नावानं,
रेक्झिनची, यंत्रावरची,
आणि ठेवली सगळ्यात वर.
कृष्णात सातव्या पानावर.
सातव्या पानापर्यंत कोण जातं?
त्याच्या ऋतुजानं मग आतल्या चामड्यावर
घरचा फोन नंबर ठोकला, ठशानं.
गिऱ्हाइकं थेट बोलू लागली.
नाशिकहून एक बाई, सांगलीचे दोन नवरदेव.
महिन्याभरात कंपनीचं पत्र:
नंबर काढा, नाहीतर दुकान बंद.

इथं मात्र माझा हात शिवशिवला.
हा तर पारड्यावर दाबलेला अंगठा.
एवढा उचलायचा, बस्स.
अंगठा उचलायला
अख्खं दुकान ताब्यात कशाला घ्यायचं?

मंचावरचा तरुण अधिकारी चांगला वाटला.
शर्ट कडक, डोळे स्वच्छ.
"लहान माणसाच्या पाठीशी शासन उभं आहे," म्हणाला.
मीही असाच होतो.

मग ते साल आठवलं, ते सांगतोच.
कृष्णातच्या बापाचा तराजू बरोबर होता.
तसूभर फरक नव्हता.
मी शिक्का हातात धरून उगाच उभा राहिलो,
भिंतीवरच्या जोडांकडे बघत.
तोंडातून शब्द काढला नाही.
म्हाताऱ्यानं माझ्या पायाचं माप घेतलं.

तेव्हा माझ्याकडे एक शिक्का होता.
ह्या पोराच्या हातात एकशे बारा पानं देताय.
आज डोळे स्वच्छ आहेत, कबूल.
भिंतीवर मात्र काय टांगलेलं असेल,
आणि कुणाच्या ऐपतीचं?

सूचनेच्या अर्जावर वीस ओळी आखलेल्या.
मी एकच भरली:
"आपल्या मालावर आपला नंबर छापायला
कुणी कुणाला मनाई करू नये."
खाली सही, निवृत्त.
कारकून म्हणाला, "आजोबा, एवढंच?"
एवढंच.
बाकी गिऱ्हाईक बघून घेईल.
कधी फसेल. रेक्झिन घेईल, पावसात तळ सुटेल,
आणि मग शोधत येईल सुभाषनगर.
आलं नाही तर? कृष्णातनं विचारलं.
मला उत्तर आलं नाही.

जिना उतरताना चपला करकरल्या.
त्याच, म्हाताऱ्यानं दिलेल्या.
तळ तीनदा बदललाय, दोनदा कृष्णातनंच.
पैसे घेतले, बोलला काही नाही.
आत विंचू ठेवतात ना, दोन थरांमध्ये,
लाकडाचा एवढासा तुकडा,
पाऊल टाकलं की वाजतो.
पूर्वी मी गल्लीत शिरलो की
दहा दुकानं आधीच कळायचं, साहेब आले.
लोक वजनं पुसून ठेवायचे.
मला राग यायचा तेव्हा.

आता वाटतं, त्या पोराच्या बुटांनाही
एक विंचू बसवून द्यावा.
कृष्णातला विचारलं.
"बुटाला न्हाई बसत ओ," म्हणाला,
"चामडं उघडं लागतं."