सरकून घ्या

बेचाळीस संदर्भ. रात्रीचे पावणेबारा.
बँगोरच्या इस्पितळातलं हे वाचनालय
दहानंतर आपणहून दिवे मालवतं,
म्हणून दर वीस मिनिटांनी मी उठून
दोन्ही हात हलवते, मी आहे हे छताला कळावं म्हणून.

नियतकालिकाच्या अटी अशा :
पहिले सहा लेखक लिहा, बाकीचे ‘आणि इतर’.
आद्याक्षरांपुढे टिंब नको.
सालानंतर अर्धविराम, अर्धविरामानंतर जागा नको.
पानं ११४ ते ११९ असतील तर ११४-९,
शहाण्याला शब्दाचा मार.

सातव्यावर एक निबंध राहून गेला होता.
तो आत घेतला तर आठवा नववा झाला, नववा दहावा,
पार बेचाळीसचे त्रेचाळीस.
पंगत बसल्यावर कुणी आगंतुक यावा,
वाढणारीने म्हणावं, जरा सरकून घ्या,
आणि पाट, ताटं, तांब्याभांडी
सगळी ओळ खरडत पुढे जावी.
दुसऱ्या तक्त्यातला एकोणीस तेवढा हलेना.
त्याला हाताने उचलून विसावर बसवला.

मग चोविसावा, जो संध्याकाळपर्यंत तेविसावा होता.
पाटीच्या दगडाची धूळ निरुपद्रवी, असं पूर्वी मानत,
या माझ्या एका वाक्याचा आधार.
तो अठ्ठ्याहत्तर सालचा. त्याने एकसष्टकडे बोट दाखवलं,
एकसष्टने चौतीसकडे.
चौतीसचा अंक तळघरातून मागवला,
कडा बोटांना पिठासारख्या लागल्या,
पान अठ्ठ्याऐंशीवर एवढंच :
हे सर्वश्रुत आहे.
चव्वेचाळीस वर्षं माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी
आणि सगळ्यात खालचा हवेत.

एकतिसाव्यात मी आहे.
करंबेळकरमधला ‘बे’ कुठेतरी पडलेला.
दुरुस्त करायची सोय नाही,
छापलंय तसंच उतरवायचं.

बेथेस्डाचे इद्वाल प्रिचर्ड, वय एक्याऐंशी,
मागच्या मार्चमध्ये फुंकनळी खाली ठेवून म्हणाले होते,
“दगड चिरताना एवढी नाही गेली, डॉक्टर.
जेवायच्या खोपटात गेली.
थंडी असायची, दार लावून घ्यायचो,
शेगडीपाशी कोट झटकायचो, मग चहा.”
माझा अख्खा निबंध त्या कोटांवर उभा आहे.
पण तोंडी माहितीला यादीत बसता येत नाही.
मजकुरात, गोल कंसात, लेखी परवानगी असेल तर.

रविवारी सहीसाठी गेले.
त्यांनी कागद दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.
“म्हणजे मी कितवा?”
तुम्हाला क्रमांक नाही, मी म्हटलं,
आणि उगाच चष्मा पुसत बसले.
“बरं झालं. खाणीत होता ना, सहाशे बारा. पुरे झाला.”
मग खोकला आला, तो संपेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.
“आडनावात एक टी आहे माझ्या. बोलत नाही तो.
पण गाळू नकोस.”

लहानपणी मी पाटीवरची पेन्सिल खायचे.
मिरजेला, दुसरीत, बाकाखाली मान घालून.
ती करकर अजून दाढांत आहे.
ती पाटी कुठल्या डोंगराची, कुणी चिरलेली,
याला माझ्याकडे संदर्भ नाही,
म्हणून ते निबंधात नाही.

दिवे गेले.
या वेळी उठले नाही लगेच.
पडद्यावर गोल कंस, कंसात ते, टी शाबूत,
आणि नावानंतर एक जागा जास्त पडलेली.
नियमाने नको.
पाहिली.
मग उठून हात हलवले.