नारिंगी वायर

अकराशे डॉलरला घेतला हा कॅम्पर
ट्विन फॉल्सच्या एका सुताराकडून.
तो म्हणाला, छत गळत नाही.
मग जरा थांबून म्हणाला,
म्हणजे, उन्हाळ्यात गळत नाही.

मला हसू आलं, म्हणून घेतला.

आता तो माझ्या जुन्या फोर्डच्या पाठीवर बसलाय,
पाठुंगळी घेतलेल्या झोपाळू पोरासारखा
एका अंगाला कलून.
आत एक गादी, एक शेगडी,
घमेल्याएवढं बेसिन, आणि मी.
अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले
की पायमोजे चढवायचे तर आधी दार उघडावं लागतं,
आणि मीठ कुठे ठेवलं हे आठवावं लागत नाही:
हात लांब केला की हाती लागतं ते मीठच असतं,
नाहीतर टूथपेस्ट.

भाड्याचं घर सुटलं तेव्हा
आर्डिसने ‘ये’ म्हटलं नाही.
बहीण आहे, ओळखते मला.
म्हणाली, व्हर्लने या खेपेला अंगणातला बर्फ
उगाच जास्त खरडून ठेवलाय,
ती जागा नुसतीच पडून आहे.

मी गाडी लावली.
रात्री त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून
एक नारिंगी वायर बाहेर आली,
बर्फावरून सरपटत माझ्या दारापर्यंत.
मी हीटर लावला.
कुणी कुणाला काही बोललं नाही.
आमच्यात आभार टपालवाल्याचे मानतात,
नाताळात, एका डब्यातून.

दुसऱ्या आठवड्यात छत टपकलं, बरोबर उशीवर.
व्हर्ल सदुसष्टचा, गुडघा बदललेला,
सकाळी शिडी लावून वर.
मी खालून ओरडले, अहो, उतरा!
तो म्हणाला, टेप उरली होती घरात, वाया जाते.
नंतर शिडीखाली पावती सापडली मला,
ओली, त्याच सकाळची,
चोवीस डॉलर आणि काही सेंट.
ती मी मिठाच्या डब्याखाली ठेवली.
का, ते नाही सांगता येत.

जानेवारीत पारा शून्याखाली वीस.
माझ्या पाइपातलं पाणी गोठलं
म्हणून बादली घेऊन त्यांच्याकडे गेले.
आर्डिस भांडी घासत होती,
अंगात कोट. घरात.
मग पाहिली मी ती खिडकी:
वायर जाते तिथे ती मिटत नव्हती,
फटीत जुना टॉवेल कोंबलेला,
आणि टॉवेलला आतून बर्फाची किनार.

नोव्हेंबरपासून.
नोव्हेंबरपासून मी पलीकडे उबेत,
गुडघे पोटाशी घेऊन,
स्वतःशी म्हणत होते,
बघ, कुणाचा भार नाही आपला कुणावर.

मी म्हटलं, आर्डिस, ती खिडकी.
ती म्हणाली, मला आताशा फार उकडतं.
आणि नाक पुसलं कोटाच्या बाहीला.

मी बादली खाली ठेवली,
फडकं उचललं,
तिने घासलेली ताटं पुसत राहिले.
एक ताट दोनदा पुसलं.
तिने पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

मेमध्ये निघाले.
लहानगा ब्रेकन दाराशी आला,
त्याचा टॉर्च देऊन म्हणाला, परत आण.
वायर मी नीट गुंडाळून पायरीवर ठेवली होती.
शंभर मैलांवर डिझेल भरायला थांबले
तर ती गादीखाली,
सोबत उकडलेली चार अंडी, एका मोज्यात.

आज नेवाडात आहे.
प्लग नाही, झाड नाही, माणूस नाही,
फक्त वारा, आणि त्यात
आत्ताच सुरू झालेला एक अवेळी पाऊस.
टॉर्च लावून छताकडे बघत पडलेय.
सुतार खरं बोलला होता की खोटं,
कळायला आता मार्ग नाही.
टेप धरून आहे.