कट्ट्यावरची चिठ्ठी

दुपारी लाइन आली तेव्हा भागरताबाई नाकाडे
दुकानाच्या पायरीवरच बसलेल्या होत्या.
पेनड्राइव्ह पदराच्या गाठीत, सुपारीसारखा.
"जावयानं मोठा टीव्ही आनला जी.
त्याच्यात ते असे दिसतेत,"
आणि दोन्ही हातांनी त्यांनी हवेत एक माठ काढला.

लावून पाहिलं.
मंडईची रात्र, मीच काढलेली, टेपवाल्या कॅमेऱ्यावर.
राजाच्या वेशात देवनाथ नाकाडे,
एरवी राइस मिलमधला हमाल,
गाल पसरलेले, मुकुट परातीएवढा,
उभी धरलेली तलवार थेट उलथन्यासारखी.
चारास तीनचं चित्र
कोणीतरी सोळास नऊ म्हणून नोंदवलेलं.
कोणीतरी म्हणजे मीच असणार.

आधी त्या ब्रह्मपुरीला जाऊन आल्या होत्या.
तिथल्या पोरानं सगळं नाटक नव्यानं रेंडर केलं.
गाल आत आले खरे,
पण चेहरा मेणाचा झाला
आणि हनुवटीवरचा तीळ गेला.
"तीर कुठी गेला म्हून इचारलं,
तं म्हने, बाई, एवढं तं होतेच."

होतं.
कांडलेला तांदूळ पुन्हा उखळात घातला
की आणखी पांढरा होतो,
आणि कणी वाढते.

मी समोरच्या मिलकडे बोट केलं.
कट्ट्याच्या तोंडाशी, शिवणीत, चिठ्ठी असते ना?
वाण, वजन, गाव?
एचएमटीच्या कट्ट्याला भलतीच चिठ्ठी लागली तर
कट्टा उसवता?
"कायले? चिठ्ठी बदलवाची."
त्यांनी हे असं सांगितलं
जसं काही मीच शिकायला आलो होतो.

काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली.
चित्राला हात नाही, आवाजाला हात नाही,
फक्त वरच्या नोंदीतले दोन आकडे.
पावणेतीन तासांचं नाटक
पंख्याचा एक फेरा पुरा व्हायच्या आत
सरळ झालं.

"झालं?"
त्यांना ते पटलं नाही.
तीन कोसांवरून आल्या होत्या.

मग राजा पडद्यावर आला,
सडपातळ, गळ्याची हाडं वर आलेली,
मुकुट एका बाजूला कललेला.
तीळ होता.
भागरताबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

बाकीची खाणीही तपासली, सवयीनं.
आवाजाच्या पुढे भाषा: इंग्रजी.
"मी तुले जित्ता सोडनार नाई"
हे वाक्य इतकी वर्षं इंग्रजीत पडून होतं.
यादी उघडली. माझ्या यादीत झाडीबोली नव्हती.
मराठीवर बोट ठेवलं,
जरा वेळ तसंच ठेवलं,
मग दाबलं.

तारीख एक जानेवारी दोन हजार.
कॅमेऱ्यातला सेल मेला होता तेव्हा.
"कधीची मंडई ही?"
"भाऊबीज झाली, तिच्यानंतरचा मंगरवार.
धाकटीले दात येत होते."
खान्याला दात कळत नाहीत.
आम्ही दोघं बोटं मोजत बसलो,
धाकटीच्या लग्नापासून मागे मागे,
आणि तेरा नोव्हेंबर दोन हजार सातला पोहोचलो.

जाता जाता त्या हळूच म्हणाल्या,
तिसऱ्या अंकात ते बोल भुलतेत,
मांगून प्रॉम्प्टर वरडते.
तेवढं काढता येईन का जी?

तेवढ्यासाठी कट्टा उसवावा लागेल, मी म्हणालो.
नुसत्या चिठ्ठीनं भागायचं नाही.

पडद्यावर तीच जागा आली होती.
राजा तोंड उघडून उभा, हॅलोजनभोवती किडे,
मागून ओळ येते,
पुन्हा येते, यावेळी चिडून,
प्रेक्षकांत कोणीतरी शिटी मारतं.
राजा अजून आठवतोच आहे.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.
"घरी बी मलेच सांगा लागे."

पैसे विचारले. मी दहा सांगितले.
त्यांनी विसाची नोट टेबलावर ठेवली
आणि दहा परत मिळेपर्यंत
उठल्या नाहीत.