कोण नाही ते

संध्याकाळची बॅच, साडेसहा ते नऊ.
उलानबातरच्या उत्तर टोकाला, टायरच्या दुकानावर
नगरपालिकेने दिलेल्या दोन खोल्या.
बाहेर उणे एकतीस, आणि कोळशाचा धूर
खिडकीच्या फटीतून रोज हजेरी लावतो.
मी शिकवते: नेटवर्क तंत्रज्ञ, पायाभूत, चौदा आठवडे.

तिसऱ्या बाकावर ल्हामजाव, वय बावन्न.
फॉर्मवर ‘पूर्वीचा व्यवसाय’ यापुढे त्याने आकडा लिहिलाय:
सहाशे चाळीस.
त्याखाली, दुसऱ्या पेनाने: अकरा.
मी विचारलं नाही.
त्या हिवाळ्याबद्दल इथे कोणी कोणाला विचारत नाही.

पहिला धडा केबलचा.
साल सोला, पीळ उलगडा, आठ तारा एका रांगेत:
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.
पोरं पाढ्यासारखं घोकतात, विसरतात, पुन्हा घोकतात.
एनेरेलने तर मनगटावरच लिहून घेतलंय.
ल्हामजावचा हात तिसऱ्या तारेपाशी थांबला.
“हिरव्यांची जोडी का फोडली?”
प्रमाण आहे, म्हटलं. जगभर असंच.
(खरं कारण मलाही कोणी सांगितलं नव्हतं.)
त्याने निळी जोडी दोन हिरव्यांच्या मधे सरकवली,
जरा लांब धरून पाहिलं.
“नदी उतरताना आम्हीही असंच करतो.
पोहता न येणारी मधे.”
आणि क्रिंपर दाबला.
टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागले.
उजव्या हाताची दोन बोटं त्याला पेरापर्यंतच आहेत,
तरी वर्गात सगळ्यांत आधी त्याची केबल.

पुस्तकाशी मात्र सूत जुळलं नाही.
सात थर, त्यांची नावं, कुठल्या थरात काय बिघडतं;
आणि सबनेटचं गणित, ज्यानं मलाही दोनदा नापास केलं होतं.
तो वहीत बारीक रेघा ओढत बसायचा,
मागच्या बाकावर खुदखुद.
एकदा म्हणाला, “बाई, पत्ता कायमचा कशाला लिहायचा?
माणूस हललं की पत्ता हलतोच.”
त्या दिवशी मी ठरलेला धडा बाजूला ठेवून
डीएचसीपी शिकवलं:
आलास की पत्ता घे, गेलास की सोड, दुसऱ्याला मिळेल.
तो पहिल्यांदा हसला.

नवव्या आठवड्यात वीज गेली आणि आली.
रॅकमधला अठ्ठेचाळीस पोर्टांचा स्विच अंधारात लुकलुकू लागला,
मी म्हटलं, चला, सगळं ठीक.
ल्हामजाव दारात टोपीचे कान बांधत होता.
बांधता बांधता थांबला.
“एक नाही.”
मोजलेत?
“मोजत नाही. मोजण्यात वेळ जातो.
कोण नाही ते दिसतं.”
मग स्विचकडे बोट, त्या अर्ध्या बोटानं:
“तो बाकीच्यांच्या मागून, जरा दमानं लुकलुकायचा.”
वीस मिनिटांनी माझ्या स्क्रीनवर सूचना:
पोर्ट सतरा बंद.

परीक्षेत नेमका हाच प्रश्न.
सदोष पोर्ट कसा ओळखाल? चार पर्याय.
त्याने चारही गोल कोरे ठेवले
आणि समासात मोठ्या अक्षरात लिहिलं: बघून.
तपासणाऱ्या यंत्राला समास वाचता येत नाही.

फेरपरीक्षा मार्चमध्ये आहे, मी सांगितलं.
फी नाही, फक्त अर्ज.
तो म्हणाला, मार्चमध्ये पिलं होतात,
मेहुण्याकडे ठेवलेल्या अकरांतल्या चार गाभण आहेत.
मग मे, मी म्हटलं.
“मे बघू.”
जाताना त्याने क्रिंपर पुसून जागेवर ठेवला,
तोंड भिंतीकडे करून, जसा आधी कधीच कोणी ठेवला नव्हता.

आता नऊ वाजता दिवे मालवले
की मी रॅकसमोर थोडी उभी राहते.
हिरवे, पिवळे, उघडझाप.
न मोजता बघायचा प्रयत्न करते.
अडतीसपर्यंत येते, चुकते,
पुन्हा पहिल्यापासून.