मुळाला हात लावू नकोस

एप्रिल. स्टॉर्नोवेच्या बंदरात बोटी बांधलेल्या.
दवाखान्याच्या दारावर माझ्याच अक्षरातला कागद:
बंद आहे. दुखत असेल तर फोन करा.

दुखतंच.

सकाळपासून मी कानांनी दात बघते.
थंडानं कळ येते की गरमानं?
रात्री झोपेतून उठवते?
चमच्यानं गाल बाजूला धरा, टॉर्च लावा, आता फोटो.
फोटो येतात: हललेले, अंधारे,
एकात नुसताच नाकाचा शेंडा.

वरून आलेल्या पत्रकात तीनच गोष्टी:
सल्ला, वेदनाशामक, प्रतिजैविक.
ड्रिलला हात लावायचा नाही,
त्याच्या फवाऱ्यावर बसून आजार खोलीभर फिरतो म्हणे.
वीस वर्षं ज्या आवाजाला लोक भ्यायले
तोच आवाज आता लोक फोनवर मागतात.

टॉर्मड मॅकिव्हर, खेकडेवाला, चौथ्या दिवशी बोलला:
"तुला कशाला त्रास, म्हणून मीच काढला.
बोटीवर पक्कड होती."
पूर्ण निघाला?
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
"अर्धा."

त्याला बोलावलं. गाऊन, दोन मास्क, वर काच,
छातीवर मार्करनं माझं नाव: कर्स्टी.
त्यानं ते वाचलं, आणि तरी विचारलं,
कर्स्टी कुठाय?
उरलेलं मूळ निघालं, दोन तुकड्यांत.
मार्चमध्ये एक तास मिळता
तर वाचला असता हा दात.
हे मी त्याला सांगितलं नाही.
दातखीळ बसायला तोंड कुणाचंही चालतं.
मग खिडक्या सताड उघडून
तासभर खोली समुद्राच्या स्वाधीन केली.

रविवार. बेटावर रविवार एरवीही बंदच असतो,
त्यामुळे फोनची रिंग जास्तच मोठी.
ऊइगहून ऊना, चाळीस मैलांवरून:
रूअरी सायकलवरून गुरांच्या जाळीवर आपटला,
पुढचा दात अख्खा बाहेर, माझ्या हातात आहे.

वय?
नऊ.
म्हणजे दुधाचा नाही. कायमचा.

ऐक. पांढऱ्या बाजूनं धर.
मुळाला हात लावू नकोस.
घासू नकोस, पुसू नकोस, दुधात एकदा बुचकळ.
आता जिथून आला तिथेच,
तसाच, सरळ, वर.
"मी? मी विणकाम करते, कर्स्टी."
उत्तम. म्हणजे हात थरथरत नाहीत.
"थरथरताहेत."
थरथरू देत. ढकल.

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज.
मूल रडतं. कुत्रा भुंकतो. मग मूलही रडत नाही.

इकडे मी स्वयंपाकघरात उभी,
चहा गार, काचेपलीकडे रिकामा रस्ता,
आणि माझा अंगठा नि तर्जनी
कशालाच न धरता
हळूहळू वर दाबताहेत.