लोड होतंय

पहाटे पाचच्या गाडीनं श्चेचिनहून निघालो आम्ही तिघं.
दोब्रावाच्या मांडीवर तिचं शिरस्त्राण,
योगासनांच्या जुन्या चटईचं,
हेअर ड्रायरनं वाकवलेलं, वर चांदीरंगाचे तीन हात.
समोरच्या बाईनं विचारलं, नाटक आहे का कुठं?
बोगुमिल म्हणाला, हो.
आणि त्याचे कान लालभडक.

हाच बोगुमिल रात्री हेडफोनमधून आम्हाला हाकतो:
डावीकडे! मागे फिर! जीव वाचव आधी!
प्रत्यक्षात कॉफी मागवायलाही मला पुढे करतो.

लेसिया पॉझ्नानच्या फलाटावर भेटली.
पाच वर्षांत फक्त आवाज.
मला ठाऊक आहे तिचा कुत्रा कधी भुंकतो,
तिच्या किटलीची शिटी,
चिडली की कुठल्या भाषेत शिव्या देते ते.
एवढी उंच असेल हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.
मिठी मारली तर माझं नाक तिच्या जॅकेटच्या चेनमध्ये.

दारावर तलवारींची तपासणी.
पिकल्या केसांची रक्षक प्रत्येक पातं वाकवून बघते,
मुठीला हिरवी फीत बांधते.
आमचं पातं दोनदा वाकवलं. म्हणाली,
पोरी, ह्यानं लोणीसुद्धा कापायचं नाही.

आत पॉपकॉर्न, तापलेल्या वायरी, ओला रंग.
शंभर पडद्यांवर शंभर जण मरताहेत
आणि कपडे झटकून पुन्हा धावताहेत.
खांबाशी एक राक्षस शेपटी मांडीवर घेऊन
आईनं दिलेला डबा खातोय.

नव्या भागाची रांग अडीच तासांची.
दोन तास दहा मिनिटं झाली
आणि दोब्रावाचा डावा खांदा निखळला.
बोगुमिलला रांगेत ठेवून
आम्ही पळालो डिंकाची बंदूक शोधत.

दुरुस्तीच्या टेबलाशेजारी पान लुत्स्यान,
स्वेटरवर बिल्ला, पुढ्यात कॅसेट प्लेअर.
तेव्हा खेळ रेडिओवरून यायचे, ते सांगत होते,
बोट रेकॉर्डच्या बटणावर,
आणि घरात सगळ्यांना ताकीद, कुणी दिवा लावायचा नाही.
त्यांनी बटण दाबलं.
किंचाळी, घरघर, मग काचेवर खिळा ओढावा तसा एकच सूर.
हलू नका, म्हणाले. सात मिनिटं.

आम्ही हललो नाही.
फोनवर बोगुमिल: कुठे आहात? पुढे सहा जण.
मग: चार.
सहाव्या मिनिटाला अर्धवट चिकटलेला खांदा
टेबलावर आपटला.
पडदा गोठला.

दोब्रावाच्या तोंडून शब्द फुटेना.
त्यांनी कॅसेट काढली, खिशातून पेन्सिल,
भोकात घालून सैल फीत घट्ट करत राहिले,
गरगर, गरगर,
नातवाचा स्वेटर विणावा इतक्या सवडीनं.

दुसऱ्यांदा तो सूर लागला
तेव्हा मागून बोगुमिल आला. रांग सोडून.
तोंडात शिवी तयार होती, दिसत होती.
त्यानं आमच्याकडे पाहिलं, आवाजाकडे पाहिलं,
आणि गिळली.

सात मिनिटांनी एक पांढरा ठिपका.
एक भिंत. दोन रेघा.
एवढंच? एका पोरानं विचारलं.
एवढंच, पान लुत्स्यान म्हणाले,
आणि दांडा लेसियाच्या हातात दिला.

ठिपका भिंतीकडे सुटला
तसा बोगुमिल ओरडला:
डावीकडे! डावीकडे! जीव वाचव आधी!
पाचव्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, उघड्या तोंडानं.
लेसियानं वळून त्याच्याकडे पाहिलं,
अगं बाई, हाच तो, असं काहीतरी तिच्या डोळ्यांत,
आणि तेवढ्यात ठिपका भिंतीवर फुटला.
अकरा सेकंद.

नवा भाग राहिला तो राहिलाच.
परतीच्या गाडीत शिरस्त्राण सामानाच्या फळीवर,
तिकीट तपासनीस त्याला सलाम ठोकून पुढे गेला.
बोगुमिल पुन्हा मुका, खिडकीला टेकलेला,
ओठांतल्या ओठांत तो खिळ्याचा सूर काढत.

मध्यरात्री लेसियाचा निरोप:
पोचले. कुत्रा रुसलाय.
किटली ठेवलीय.