सहाशे

लक्ष्मीपुरीत, पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर
एसी घरघरतो.
खाली गुळाच्या ढेपा उतरवणारे हमाल
ट्रकवाल्याच्या नावानं काहीतरी ओरडतात.
मी एक फाइल उघडतो.

सतरा शाखांत, प्रत्येक मशीनवर, हीच फाइल.
माणसाची ओळख पटवायची तर
कुठल्या दारात जायचं, कुणाच्या नावानं हाक मारायची,
सगळं लिहिलेलं.
आणि नवव्या ओळीत पासवर्ड,
गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांसारखा उघडा.
पायरी, मग अकरा.

मालकाला सहा, गटाला चार, जगाला चार.
म्हणजे कॅशियर, शिपाई,
सुट्टीत कामाला आलेलं कुणाचंतरी भाचं,
लॉगिन असेल त्याला वाचायची मुभा.
कुणी वाचलं नाही,
की वाचलं आणि गप्प बसलं?
लॉगमध्ये दोन्ही सारखंच दिसतं.

पासवर्ड धनपाल मगदूम सरांचा.
पुराच्या रात्री सर्व्हर खांद्यावर घेऊन
जिना चढलेला माणूस.
पाणी अकराव्या पायरीवर थांबलं
तेव्हा टॉर्च तोंडात धरून त्यांनी हा टाइप केला, म्हणतात.

अफरीन मुल्लाणी, नवी आलेली, म्हणते,
सर, बेस सिक्स्टी फोर करूया, वाचता येणार नाही.
अगं, ती च-ची भाषा.
पाण्याला चाणीप म्हटलं
म्हणून तहानलेल्याला कळत नाही का?

मग काढूनच टाकूया?
आणि पहाटे तीनला लाईट जाऊन आली की?
मशीन आपणहून उठतं,
टाइप करायला कुणी नसतं.
किल्ली कुठंतरी ठेवावीच लागते, अफरीन.
चौकटीवर ठेवायची
की घरधन्याच्या करगोट्याला, एवढंच आपल्या हातात.

वेगळी फाइल केली. मालक रूट.
सहा. शून्य. शून्य.
त्या खात्याला आता नावं शोधता येतात,
पुसता येत नाहीत, बदलता येत नाहीत.
वडगावच्या बाजारात बैलाचा सौदा
रुमालाखाली बोटांनी व्हावा,
तसं तारेतलं बोलणंही झाकलं.
पण जुन्या बॅकअपांच्या टेपा कपाटात आहेत,
एक तर कुणी घरी नेलेली, सापडत नाही.
नुसतं झाकून भागत नव्हतं.
बदलला.

संध्याकाळी जयसिंगपूरहून फोन.
मागं कुणीतरी भांडी घासतंय.
"बदललास म्हणं?"
"व्हय, सर."
बराच वेळ नुसती भांडी.
"अकराव्या पायरीवरची रेघ हाय का रं अजून?"
"हाय. रंग मारला तरी वर येती."
"बरं."
मग घसा खाकरून,
"नवा मला सांगू नगंस."